तांगोतला मर्द होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

गेल्या शनिवारी एका स्नेह्यांकडे जुने तांगो, म्हणजे अर्जेंटिनाची गाणी, ऐकत असताना शेजारच्या खुर्चीतील गृहस्थांनी मला ‘अर्जेंटिनाचा अस्सल पुरुष’ या विषयावर संपूर्ण व्याख्यान दिले. त्यांना स्पॅनिशचा गंध नव्हता, परंतु त्यामुळे त्यांचे काहीच अडले नाही. त्या मार्गदर्शनाचा लाभ आपणांसही व्हावा, म्हणून या सूचना.

प्रथम, रडू नये. ‘तोमो इ ओब्लिगो’मध्ये (१९३१) तांगोगायक कार्लोस गार्देल हेच बजावतो, अर्थात, त्याआधी मित्र नाही, गाव दूर, म्हणून समोर बसलेल्याला आग्रहाने पाजून तो आपले सारे दुःख त्याच्यापुढे ओतून मोकळा झालेला असतो.

दुसरे, ‘मानो आ मानो’ या तांगोतल्याप्रमाणे पूर्वीच्या प्रेयसीला ऐटीत सांगावे की आपले देणेघेणे मिटले, आणि जाता जाता सुचवावे की म्हातारपणी कोणी विचारेनासे झाले तर मी आहेच.

तिसरे, टोपी डोळ्यांवर ओढावी.

चौथे, घर सोडून गेलेल्या बाईची पर्वा करू नये. आमचे गृहस्थ हे सांगत होते तेव्हा लागले होते ‘मी नोचे त्रिस्ते’ (माझी दुःखी रात्र). तांगोकार व्हिल्योल्दोच्या ‘एल पोर्तेन्यितो’सारख्या आधीच्या गाण्यांतले फाकडे छाती काढून फुशारक्या मारत; पण गीतकार पास्कुआल कोंतुर्सीचे हे शब्द गार्देलने १९१७ मध्ये ध्वनिमुद्रित केले आणि तोच फाकडा रिकाम्या खोलीत येऊन बसला. ती असल्यासारखा तो अजूनही ‘माते’ या चहासारख्या पेयाबरोबर खायला बिस्किटे घेऊन येतो, कपाटातल्या गिटारीला कोणी हात लावत नाही, आरसा रडल्यासारखा धुरकटला आहे, आणि ती परत येईल या आशेवर तो रात्री दार लावू शकत नाही. नेमक्या या दारापाशी गृहस्थांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हटले, “याला म्हणतात मर्दाचे गाणे!”

पाचवे, अपमान सहन होत नसेल तर ‘आ ला लुस देल कांदील’मधल्या गड्याप्रमाणे दगा देणाऱ्या आपल्या बाईला आणि मित्राला ठार करून स्वतःच पोलिसांपुढे हजर व्हावे, पुराव्यादाखल पिशवीत तिच्या वेण्या आणि त्याचे काळीज आणावे. मी गुन्हेगार असेन तर देव मला क्षमा करो, असे तो म्हणतो. असेन तर! वेण्या पिशवीत आहेत आणि याला अजून शंका आहे. क्षमा देवाकडे मागतो, तिच्याविषयी पश्चात्तापाचा शब्द नाही, आणि तिला तर सबंध गाण्यात एक ओळही बोलायला मिळत नाही.

याला उत्कट प्रेम म्हणून माना डोलावणाऱ्यांनो, थोडी लाज बाळगा. खून करणाऱ्याची तुम्हाला कणव येते, आणि दार उघडे ठेवून झुरणाऱ्याचे रडणे ऐकूच येत नाही, कारण ते ऐकले तर स्वतःचे काहीतरी आठवेल, याची तुम्हाला धास्ती वाटते. स्पॅनिश येत नसेल तर कोणाकडून अर्थ समजून घ्या. तेही जमत नसेल तर निदान गाणे संपेपर्यंत तोंड बंद ठेवा. तो बिस्किटे कोणासाठी आणतो, एवढे तरी आम्हाला ऐकू द्या.