५५ पौंडाची मोटर आणि वैनगंगेची धार

नमस्कार भाऊ,

तुम्ही लिहिलं आहे की आमच्या नागपूरच्या दुकानातून नेलेली ५५ पौंड थ्रस्टची (म्हणजे पाणी ढकलण्याच्या जोराची) ट्रोलिंग मोटर, म्हणजे बोटीला लावायची बॅटरीवरची छोटी मोटर, गोसेखुर्द धरणाच्या खाली वैनगंगेत फुल्लवर ठेवूनही बोट मागेच वाहत गेली, शेवटी वल्ही मारून काठ गाठला, आणि "थ्रस्ट खोटा लिहून लुबाडलं". बोटीत पुतण्या होता हे वाचून पोटात गोळा आला. आधी मनापासून माफी मागतो.

थ्रस्ट खोटा नाही, पण चूक आमचीच आहे. काउंटरवर तुम्हाला बोटीचं वजन विचारलं, पाणी कुठलं ते विचारलंच नाही. माणसं-सामान धरून ६०० किलो, दर ४५ किलोला किमान २ पौंड, म्हणजे २७ पौंड. त्याच्या दुप्पट दिली म्हणून आम्ही निश्चिंत. पण हा हिशोब खिंडसी तलावासारख्या थांबलेल्या पाण्याचा. नदी ताशी ५ किलोमीटरनं खाली येत असेल, तर नुसतं जागेवर टिकायलाही मोटरला तेवढा वेग काढावा लागतो. वेग दुप्पट झाला की पाण्याचा विरोध चौपट होतो. त्यात या मोटरींचा पंखाच असा असतो की बोट ताशी ७-८ किलोमीटरच्या वर सहसा जात नाही. १०० पौंडाची लावली तरी जोर वाढतो, वेग फारसा नाही. हे विकतानाच सांगायला हवं होतं.

तुम्ही ठेवून गेलेली मोटर मी स्वतः उघडली. पंखा काढला तर मागे शाफ्टवर जाळ्याचा नायलॉन धागा गच्च गुंडाळलेला, थेट पाणी आत जाऊ न देणाऱ्या सीलपर्यंत. फुल्लवर बॅटरीशी १२.१ व्होल्ट दाखवत होते, मोटरपाशी १०.६. मधली वाढवलेली वायर बारीक, तिच्या टोकाचा लग (जोडणीची धातूची कडी) जळून काळा पडलेला. ही मोटर फुल्लवर ५० अँपिअरच्या आसपास ओढते, तिला जाड वायर आणि ब्रेकर सोबत देणं आमचंच काम होतं. सील बदललं आहे, वायरही जाड टाकली, पैसे लागणार नाहीत. तरीही त्या दिवसाच्या धारेत ती चढली असती असं मी म्हणणार नाही.

मोठी मोटर घेण्याआधी एक करा. काठावर १० मीटर मोजा, पाण्यात काडी टाका आणि सेकंद मोजा. १० सेकंद किंवा जास्त लागले तर २४ व्होल्टची ८० पौंडाची चालेल, पण १०० अँपिअर-अवरच्या दोन लेड बॅटऱ्यांवर फुल्लनं तासभरही धरू नका, कारण त्या अर्ध्याच्या खाली उतरवायच्या नसतात. काडी ६ सेकंदांत गेली तर पेट्रोलचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावायचं इंजिन, हवंच. इलेक्ट्रिक तेव्हा फक्त काठालगतच्या संथ पाण्यात. आणि धरणाचे दरवाजे उघडले असतील तर बोट काढूच नका, मोटर कोणतीही असो.

पैसे परत हवे असतील तर पूर्ण देतो, बिल नसलं तरी चालेल. मोटर ठेवायची असेल तर येत्या रविवारी मी सोबत येतो. काडी टाकू, मोजू, मगच ठरवू. पुतण्याच्या मापाचं लाइफ जॅकेट मी घेऊन येईन.