बेसप्लेट किलोवॅटवर बसत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कॉन्फिगरेटर, म्हणजे ग्राहकाच्या निवडींवरून ऑर्डरीत कोणते भाग लागतील ते ठरवणारं सॉफ्टवेअर. त्यातले नियम कसे लिहावेत (सुट्या जर-तर नियमांऐवजी टेबलं करावीत) या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत उरकण्यासारखी ती नाही, म्हणून जरा ऐसपैस लिहितो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुमच्याकडे पंपांच्या मॉडेलमध्ये नऊशेच्या वर जर-तर नियम आहेत आणि ऑर्डरी रोज निघतात, मग अडलंय कुठे? टेबल केलं की तोच पसारा दुसऱ्या खोलीत जातो आणि टेबल दहा हजार ओळींचं होऊन बसतं. सेल्सला मॉडेल आज हवं असतं, कारणं शोधत बसायला वेळ कुणाला आहे? आणि शेवटी, हे सगळं शॉप फ्लोअर न पाहिलेल्यांचं तत्त्वज्ञान आहे. या शेवटच्या वाक्याला उत्तर देत नाही. बाकी मुद्दे मात्र दमदार आहेत.

तुमचाच पंप घेऊ. पंप, मोटर, मधे दोघांचे शाफ्ट जोडणारं कपलिंग, खाली दोघांना पेलणारी बेसप्लेट. अशा मॉडेलमध्ये हमखास सापडणारा नियम म्हणजे ‘मोटर ७.५ किलोवॅट असेल तर १३२ फ्रेमची बेसप्लेट’. फ्रेम म्हणजे मोटरच्या सांगाड्याचं ठरलेलं माप, त्यातला आकडा शाफ्टची उंची सांगतो. लिहिणाऱ्याच्या समोर तेव्हा चार पोलची मोटर होती आणि तिच्यापुरता नियम बरोबरच आहे. मग एक ग्राहक कमी वेगाचा पंप मागतो, मोटर सहा पोलची होते, आणि ७.५ किलोवॅटची सहा पोल मोटर आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकाच्या मापांत सहसा १६०एम फ्रेममध्ये येते. शाफ्टची उंची १३२ मिलिमीटरची १६० होते, शाफ्टचा व्यास ३८ चा ४२ होतो. कॉन्फिगरेटर काही बोलत नाही. असेंब्लीवर मोटर ठेवल्यावर कळतं की पायांची भोकंही जुळत नाहीत आणि कपलिंगचा बोअर, म्हणजे शाफ्ट बसायचं भोकही.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे आणखी एक नियम : ‘७.५ आणि सहा पोल असेल तर १६०’. मग ५.५ साठी एक, ११ साठी एक, दोन पोलसाठी वेगळे. नऊशेपर्यंत असंच पोचता येतं, आणि त्यात कुणाचा आळस नसतो. प्रत्येक नियम कुठल्या तरी खऱ्या ऑर्डरीतून आलेला असतो. फक्त तो ज्या गोष्टीवर टांगला आहे तीच चुकीची आहे. बेसप्लेटला किलोवॅटशी काही देणंघेणं नाही. तिला फ्रेम कळते.

म्हणून मधे फ्रेम नावाचं एक वैशिष्ट्य घाला. ते ग्राहकाला विचारायचं नाही, स्क्रीनवर दाखवायचंही नाही. किलोवॅट आणि पोल यांवरून ते ठरवणारं टेबल तीन रेटिंग आणि तीन पोलसाठी नऊ ओळींचं होतं. ५.५ ला दोन आणि चार पोलमध्ये १३२एस, सहा पोलमध्ये १३२एम. ७.५ ला अनुक्रमे १३२एस, १३२एम, १६०एम. ११ ला १६०एम, १६०एम, १६०एल. झालं. पुढचे सगळे भाग फ्रेमकडे बघतात, आणि तेही तिच्या हव्या तेवढ्याच तुकड्याकडे. कपलिंगला शाफ्टचा व्यास हवा, म्हणजे १३२ की १६० एवढं कळलं की पुरे. बेसप्लेटच्या भोकांना मात्र एस की एम हेही लागतं, कारण १३२एसच्या पायांमधलं लांबीकडचं अंतर १४० मिलिमीटर असतं आणि १३२एमचं १७८. उद्या जास्त कार्यक्षमतेची मोटर आली आणि उत्पादकाने त्याच किलोवॅटला फ्रेम बदलली, तर टेबलची एक ओळ बदलायची. कपलिंगला, बेसप्लेटला, गार्डला हात लावायचा नाही.

‘पसारा दुसऱ्या खोलीत गेला’ हे म्हणूनच मला पटत नाही. इथे पसारा कमीच झाला.

दहा हजार ओळींच्या टेबलबद्दलची तुमची तक्रार मात्र रास्त आहे. अशी टेबलं मी पाहिली आहेत आणि ती जर-तरच्या जंगलापेक्षा वाईट असतात, कारण जंगलात निदान नियमाला नाव असतं. पण ती तशी होतात ती सगळी वैशिष्ट्यं एकाच टेबलच्या कॉलमांत बसवल्यामुळे. सहा वैशिष्ट्यं, प्रत्येकी पाच पर्याय, म्हणजे १५,६२५ जोडण्या. बंधनं जर जोडी-जोडीतलीच असतील आणि अशा तीनच जोड्या असतील, तर प्रत्येकी जास्तीत जास्त २५ ओळींची तीन टेबलं, एकूण ७५ ओळी. एका टेबलमागे एकच कारण असलं पाहिजे. रंग आणि इम्पेलरचा (पंपातल्या फिरत्या चाकाचा) व्यास एकाच टेबलमध्ये दिसले तर ते दोन भागांत तोडा. टेबलांचा मेळ घालणं हे सॉफ्टवेअरचं काम आहे, ते त्याला करू द्या.

तीन कॉलम लागतात तिथे तीन घ्या. सीलमधल्या रबराचं उदाहरण घ्या. द्रव, तापमान आणि रबर ही तिन्ही एकमेकांत अडकलेली आहेत. ईपीडीएम गरम पाण्याला उत्तम, पण खनिज तेलात फुगतं. नायट्राइल तेलाला चालतं, पण फार तापमान सोसत नाही. व्हिटॉन गरम तेल सोसतं, पण त्याच्या साध्या ग्रेड वाफेसाठी आणि खूप गरम पाण्यासाठी योग्य नाहीत. म्हणजे ‘महाग ते सगळीकडे चालतं’ असा नियम लिहिताच येत नाही. हे टेबल डिझाइनच्या माणसाने भरायचं आणि तपासायचं. सॉफ्टवेअरवाल्याने फक्त टेबल जोडून द्यायचं. नऊशे जर-तर नियम डिझाइनवाल्याला वाचायला दिले तर तो चहाला जाईल. चाळीस ओळींचं टेबल तो उभ्या उभ्या तपासून देतो.

इथे एक निवड करावी लागते, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. टेबलमध्ये चालणाऱ्या जोड्या लिहायच्या की न चालणाऱ्या? ओळी कमी कशात होतील हा एक हिशोब, पण खरा प्रश्न नवा पर्याय येतो त्या दिवशीचा आहे. चालणाऱ्या जोड्यांच्या टेबलमध्ये नवं रबर कुणी ओळ घालेपर्यंत बंद राहतं. न चालणाऱ्यांच्या टेबलमध्ये ते पहिल्या दिवसापासून सगळ्या द्रवांना खुलं होतं. रंगाच्या बाबतीत खुलं झालं तर बिघडत नाही. सीलच्या बाबतीत गळती होते. म्हणून सुरक्षिततेशी संबंध असेल तिथे ओळी वाढल्या तरी मी चालणाऱ्या जोड्याच लिहितो.

आता तुमचा सगळ्यांत जोरदार मुद्दा : नऊशे नियम चालतात ना! चालतात, मान्य. या विषयातली सगळ्यांत जुनी आणि गाजलेली गोष्टही चालणाऱ्या नियमांचीच आहे. जॉन मॅकडरमॉट यांनी १९७८ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात आर-१ नावाची प्रणाली लिहिली, पुढे ती एक्सकॉन म्हणून ओळखली गेली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हॅक्स संगणकाच्या ऑर्डरीत केबलपासून कॅबिनेटपर्यंत काय काय लागेल हे ती ठरवायची. १९८० पासून ती प्रत्यक्ष वापरात आली, नियम सुमारे २,५०० झाले, आणि कंपनीचे पैसेही वाचले. पण उत्पादनं बदलत गेली तसे नियमही सतत बदलावे लागले, आणि ते सांभाळणं हेच एक मोठं काम होऊन बसलं. एका नियमाला हात लावला की दुसरा कुठे हलेल हे सांगणं कठीण होतं. म्हणून मी रोज ऑर्डरी निघतात का हे विचारत नाही. एक मोटर उत्पादक बदलला तर तुमचे किती नियम उघडावे लागतात, आणि ते कोणते हे किती जणांना माहीत आहे, हे विचारतो. उत्तर ‘एकालाच, आणि तो सुट्टीवर आहे’ असेल तर मॉडेल चालत नाहीये, तो माणूस चालवतोय.

जर-तरची आणखी एक अडचण म्हणजे ते एकाच दिशेने चालतात. ‘द्रव तेल असेल तर ईपीडीएम नको’ असं लिहिलं, पण सेल्सवाल्याने आधी रबर निवडलं आणि मग द्रव, तर बऱ्याच ठिकाणी नियम झोपलेलाच राहतो. मग उलट दिशेचा नियम लिहिला जातो आणि संख्या दुप्पट. एसएपी या व्यवसायाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसिजर क्रमाने चालतात, कन्स्ट्रेंटला (बंधनाला) तसा क्रम नसतो. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्सच्या कॉन्फिगरेशन मॉडेलमध्येही एक्स्प्रेशन (सूत्र) आणि टेबल अशी दोन्ही प्रकारची कन्स्ट्रेंट आहेत आणि ती दोन्ही दिशांनी लागू होतात. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय असेल तर नऊशेपैकी बरेच नियम फक्त आरशातली प्रतिबिंबं निघतील.

आणि काही तर नियमच नसतील. ‘हा पर्याय निवडला तर हा पार्ट घ्या’ हे बीओएमच्या (लागणाऱ्या पार्टांच्या यादीच्या) त्या ओळीवरच्या अटीत जायला हवं. सगळे संभाव्य पार्ट असलेली एकच मोठी बीओएम, प्रत्येक ओळीला स्वतःची अट, बस. ते विक्रीच्या प्रश्नांमध्ये लिहिलं की सेल्सवाल्याला कपलिंगचा बोअर विचारला जातो, आणि तो अंदाजाने उत्तर देतो. तसंच ‘अमुक ग्राहकाला हा रंग देऊ नका’, ‘दहा नगांखाली ही मटेरियल नाही’ हे व्यापारी नियम. ते वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा. त्यांचा मालक वेगळा, बदलण्याचा वेगही वेगळा.

वेळेबद्दल. सेल्सला आज मॉडेल हवं असतं हे खरंच आहे, आणि त्यांना थांबवा असं मी म्हणत नाही. विचित्र ऑर्डर आली तर तिच्यासाठी नियम लिहू नका. ‘विशेष’ असा एक पर्याय ठेवा, जो निवडला की ऑर्डर डिझाइनच्या मंजुरीला थांबते. तीच मागणी पुन्हा पुन्हा यायला लागली की मग तिला रीतसर पर्याय करा. एकाच ग्राहकासाठी एकदाच लिहिलेले आणि परत कधीच न लागलेले नियम तुमच्या नऊशेत किती आहेत ते जरूर मोजा, माझा अंदाज आहे की आकडा पाहून तुम्हालाच हसू येईल. बंद झालेले पर्याय मात्र पुसू नका, त्यांना शेवटची तारीख द्या. बाहेर गेलेली कोटेशनं आणि जुन्या पंपांचे सुटे भाग त्यांच्यावरच उभे असतात.

सगळं पाडून नव्याने बांधा असंही नाही. आधी प्रत्येक नियमासमोर दोन रकाने भरा : कारण काय, आणि विचारायचं कुणाला. दोन्ही रिकामे राहिलेले नियम बाजूला काढा. मग गेल्या वर्षीच्या खऱ्या ऑर्डरींचा एक संच घ्या, सोबत असेंब्लीवर अडकलेल्या चुकीच्या जोडण्याही घ्या. नियम बदलला की पहिला संच पास झाला पाहिजे आणि दुसरा अडला पाहिजे. असा संच हाताशी नसेल तर नियमांना हात लावू नका, अगदी माझ्या सांगण्यावरूनही नाही. तो तयार झाला की मोटर आणि फ्रेमपासून सुरुवात करा, तिथे फायदा लगेच दिसतो. ज्या नियमांना वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही आणि ज्यांनी कधी चुकीची ऑर्डर सोडलेली नाही, ते तसेच पडून राहू द्या. ते सुंदर करण्यासाठी आपल्याला कुणी पगार देत नाही.

तुमच्या त्या दहा हजार ओळींच्या टेबलचे कॉलम कोणते आहेत ते मात्र कळवा. नुसती शीर्षकं चालतील, डेटा नको.