आधी लॉक, मग बिजागरी: बॉनेटच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बॉनेट अडकतं म्हणून माझा लेख पाहून तुम्ही बिजागऱ्यांचे बोल्ट ढिले केले, बॉनेट आणखीच वाकडं बसलं आणि शेवटी तालुक्याला डेंटरकडे दोन हजार मोजावे लागले. वर तुम्ही लिहिलं, "खेड्यात बसून अर्धवट माहिती देऊ नका, लोकांच्या गाड्या बिघडतात."

तुमचे पैसे गेले याचं मनापासून वाईट वाटतं. चूक माझीच आहे. लेखात बिजागरीचा भाग मी आधी लिहिला आणि लॉकचा शेवटी. पाना हातात घेऊन वाचणारा माणूस जे वर लिहिलंय तेच आधी करणार. पण खेड्यात बसून हे काम करूच नये, हे मला पटत नाही. आमच्या गावाहून डेंटर चाळीस किलोमीटरवर आहे आणि बॉनेट उघडत नसेल तर साधं पाणी-ऑइल तपासता येत नाही. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला असताना, हे अंगाशी येतं.

बॉनेट अडकणं वेगळं आणि वाकडं बसणं वेगळं. आपल्याकडे बहुतेक वेळा नुसतं अडकतं, आणि त्याचं कारण धूळ. लॉक असतं जाळीच्या मागे, रेडिएटरच्या वर. पांदणीचा, म्हणजे शेताकडच्या कच्च्या रस्त्याचा, सगळा फुफाटा तिथूनच आत जातो. माझ्या गाडीचं लॉक मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ग्रीस आणि काळी माती मिळून डांबरासारखा थर झाला होता, त्यात कापसाचे तंतू गुंतलेले. बॉनेटची कडी पकडून ठेवणारा आतला पंजा बोटाने ढकलला तरी हलेना. आमच्या गावचा मिस्त्री तेव्हा म्हणाला होता, "पयले कुलूप पाय भाऊ, मंग दाराले हात लाव." लेख लिहिताना हेच मी मागे टाकलं.

तर इंजिन बंद आणि थंड असताना एकाने लॉकच्या वर बॉनेट तळहाताने हलकं दाबून धरायचं, दुसऱ्याने गाडीत बसून बॉनेट उघडायचा लिव्हर ओढायचा. दाबल्यावर पंज्यावरचा ताण जातो आणि बहुतेक वेळा उघडतं. उघडलं की जुन्या टूथब्रशने, थोडं डिझेल लावून, लॉक घासायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं आणि मगच ग्रीस लावायचं, तेही बोटभरच. जास्त लावलं तर पुन्हा धूळच धरतं. आता बॉनेट उघडंच ठेवून स्क्रू-ड्रायव्हरने पंजा खाली ढकला. तो 'खट्' करून बसला पाहिजे आणि लिव्हर ओढताच चटकन सुटला पाहिजे. तो सोडवल्याशिवाय बॉनेट आपटू नका, बंद पंज्यावर आदळून लॉक वाकतं. पंजा हाताने नीट सुटतो पण लिव्हर ओढून सुटत नाही, असं असेल तर दोष लिव्हर आणि लॉक जोडणाऱ्या केबलचा: आत गंजली किंवा ढिली पडली.

लॉक ठीक असूनही दाबल्याशिवाय उघडत नसेल तर पुढच्या दोन कोपऱ्यांतली रबरं पाहा. बऱ्याच गाड्यांत ती फिरवून वर-खाली होतात. फार वर आली की बॉनेट लॉकला वर ताणून धरतं. एखादं गळून पडलं असेल तर तो कोपरा खाली बसतो आणि खडखडतो.

बिजागरी सगळ्यात शेवटी, आणि दोन्ही बाजूंचा गॅप, म्हणजे बॉनेट आणि मडगार्डमधली फट, खरोखर कमी-जास्त असेल तरच. बोल्टला हात लावण्याआधी बिजागरीभोवती मार्करने रेघ मारायची, हे मी लेखात एका ओळीत उरकलं होतं. ती रेघ असती तर तुमचं बॉनेट पाच मिनिटांत जुन्या जागी आलं असतं. उजवी बिजागरी जराशी पुढे सरकली की बॉनेटचं नाक डावीकडे वळतं, म्हणून बोल्ट अर्धवटच ढिले करायचे आणि एका वेळी एकच बाजू. गाडीला रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर धडकलेलं असेल तर मात्र घरी काहीच करू नका. लॉक ज्या पट्टीवर बसतं ती पट्टीच मागे गेलेली असू शकते. ते काम डेंटरचंच.

तुम्ही विचारलं नाही, पण माझ्या लेखात याहून मोठी गोष्ट राहिली होती. काम झाल्यावर दुसरा हुक, म्हणजे बॉनेट थोडं उचललं की बोटाने सरकवावा लागतो तो, तपासायचाच. पांढरकवड्याच्या रस्त्यावर माझं बॉनेट एकदा धाडकन वर उठलं, ते त्या हुकानेच धरलं. नाहीतर काचेवर आलं असतं.

डेंटरने गॅप जुळवला, पण लॉक साफ केलं का? नसेल तर कापूस वेचणीच्या दिवसांत ते पुन्हा अडकेल. आधी तेवढं करून पाहा आणि लिव्हर कसा लागतो ते इथेच लिहा. लेखाचा क्रम आज बदलतो आहे: लॉक वर, बिजागरी खाली आणि मार्करची रेघ ठळक अक्षरांत.