मॉडेल झालं तरी मूळ नमुना लागतोच
‘एकदा त्रिमितीय मॉडेल तयार झालं की मूळ कीटकाला हात लावायची गरजच उरत नाही’ हे कीटकांचे अनेक कोनांतून काढलेले फोटो जोडून संगणकावर मॉडेल बनवण्याबद्दलच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. टाचणीवरच्या भुंगेऱ्यांचे असे फोटो मी स्वतः काढलेत. एवढ्या जवळून मिलिमीटरच्या काही अंशाइतकीच खोली स्पष्ट दिसते, म्हणून प्रत्येक कोनातून फोकस थोडाथोडा सरकवत अनेक फोटो घ्यायचे, ते एकत्र करायचे, मग पुढचा कोन. 2018 मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी मांडलेलं यंत्र हे आपोआप करतं, त्याचं मनापासून कौतुक आहे. पण चकचकीत, कडक पंखांवर दिव्याचं प्रतिबिंब कोनागणिक सरकतं, सॉफ्टवेअरची फसगत होते आणि पाठीवर नसलेला खड्डा उमटतो. पारदर्शक पंख आणि बारीक केस तर बऱ्याचदा मॉडेलमधून गळूनच जातात.

शिवाय कितीतरी जाती नराच्या जननेंद्रियांवरूनच ओळखाव्या लागतात. ती सहसा पोटाच्या आत असतात. फोटोंवरून केलेल्या मॉडेलमध्ये येणार कुठून? त्यासाठी मायक्रो-सीटी (क्ष-किरणांनी आतली रचना दाखवणारं स्कॅनिंग) किंवा विच्छेदन, आणि डीएनए हवा असेल तर मूळ कीटकच. नाजूक नमुन्यांची हाताळणी कमी होईल, एवढंच म्हटलं असतं तर लगेच मान्य केलं असतं.