ठिबक बसवलं तरी माती बघावीच लागते

शेतीच्या गटांत एक संदेश सतत फिरतो : ‘ठिबक बसवा, पाणी निम्म्यावर येईल. रोज थोडा वेळ चालू ठेवा. जमीन कशीही असो, फरक पडत नाही. क्षारांचीही काळजी नको.’ ठिबक उत्तमच आहे. पण कर्ज काढून संच घेणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला अर्धवट माहिती देणं मला अन्यायाचं वाटतं.

‘पाणी निम्म्यावर.’ पीक पानांवाटे जे पाणी सोडतं, ते ठिबकाने फारसं घटत नाही. वाचतं ते उघड्या मातीतून उडणारं, वाहून जाणारं आणि मुळांखाली उतरणारं. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या ढोबळ आकड्यांनुसार मोकाट पद्धतीत दिलेल्या पाण्यापैकी 60 टक्के पिकाच्या कामी येतं, ठिबकात 90 टक्के. हिशेब मांडला तर बचत एक तृतीयांश होते, तीही ड्रिपर (नळीतून थेंबथेंब पाणी सोडणारी तोंडं) तुंबले नाहीत तर. शिवाय वाचलेल्या पाण्यावर क्षेत्र वाढवलं की विहिरीत शिल्लक काहीच उरत नाही.

‘रोज चालू ठेवा, जमीन कशीही असो.’ सर्वांत जास्त नुकसान या सल्ल्याने होतं. वाळूसर जमीन मीटरभर खोलीत पिकाला घेता येईल असं जेमतेम 60 मिलिमीटर पाणी धरते, भारी चिकण जमीन 200 च्या आसपास. हलक्या जमिनीला थोडं थोडं, वरचेवर पाणी हवंच. भारी जमिनीत मात्र मोजमाप न करता रोज पाणी सोडलं तर वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती, येतच नाही. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळांना हवा मिळत नाही आणि नत्राचा काही भाग वायू होऊन उडून जातो. पानं पिवळी पडतात, मग आणखी युरिया टाकला जातो! वरची माती वाळली म्हणून पाणी देऊ नका. वीतभर खालची माती काढून मुठीत दाबा. भारी जमिनीत तिचा घट्ट, ओलसर गोळा होत असेल तर थांबा.

काडीकचरा जाळण्याऐवजी आच्छादन म्हणून पसरला तर बाष्पीभवन घटतं आणि मातीतला कर्बही (कार्बन) हळूहळू वाढतो.

‘क्षारांची काळजी नको.’ पाण्याची क्षारता 1 डेसीसायमन प्रति मीटर असेल, तर लिटरमागे साधारण 640 मिलिग्रॅम क्षार येतात. हंगामात 500 मिलिमीटर पाणी दिलं, तर हेक्टरी सुमारे 3,200 किलो! ठिबकाखाली हे क्षार ओल्या पट्ट्याच्या कडेला साठतात. चांगला पाऊस किंवा अधूनमधून मुद्दाम दिलेलं जास्तीचं पाणी त्यांना खाली नेतं, पण त्यासाठी निचरा हवा. हलकी सर आली तर कडेचे क्षार उलट मुळांकडे सरकतात, म्हणून क्षारयुक्त पाणी वापरणाऱ्याने अशा सरींच्या वेळी ठिबक बंद करू नये.