इंजिन सुरू झालं म्हणून रेक्टिफायर वाचला असं नाही

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, बरं वाटलं. आउटबोर्ड मोटरला, म्हणजे बोटीच्या मागे बसणाऱ्या इंजिनाला, बॅटरी उलटी लागली, तर वायरी सुलट करून लगेच मोटर चालू करू नका, आधी रेक्टिफायर (बॅटरी चार्ज करणाऱ्या सर्किटचा भाग) तपासा, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की तुमच्या हातूनही हेच झालं. वायरी बदलल्या, दोरीच्या पहिल्याच झटक्यात मोटर सुरू झाली, फ्यूजही शाबूत होता. म्हणजे मी लोकांना उगाच घाबरवतोय.

फ्यूजच्या बाबतीत तुम्ही मला पकडलंत, ते योग्यच. 'फ्यूज उडतोच' असं मी लिहिलं होतं. त्यातला 'च' चुकीचा होता, तो आता काढला आहे. बऱ्याच मोटरींत फ्यूज चावीकडे जाणाऱ्या वायरिंगवर असतो आणि रेक्टिफायरची लाल वायर थेट स्टार्टरच्या सोलेनॉइडवर (स्टार्टरला वीज सोडणाऱ्या मोठ्या रिलेवर), बॅटरीच्या बाजूला जोडलेली असते. तिथे मध्ये फ्यूज नाहीच. त्यामुळे फ्यूज शाबूत आहे एवढ्यावरून रेक्टिफायर वाचला असं मला म्हणता येणार नाही.

आता तुमचा मुख्य मुद्दा. फ्लायव्हीलखालच्या (इंजिनाच्या फिरत्या जड चाकाखालच्या) स्टेटरमधून, म्हणजे तारांच्या स्थिर गुंडाळीतून, एसी वीज येते, रेक्टिफायरचे डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारे भाग) तिची डीसी करतात आणि ती बॅटरीत जाते. बॅटरी सुलट असताना हे डायोड बॅटरीच्या विजेची वाट अडवून बसलेले असतात. उलटी लावली की तेच डायोड सताड उघडतात. बॅटरीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत मध्ये फक्त दोन डायोड, म्हणजे जवळजवळ सरळ शॉर्ट. चावी बंद असली तरीही. थोड्या अँपिअरसाठी बनवलेल्या डायोडला हा झटका क्षणभरही पुष्कळ होतो.

पण इंजिन पेटवणाऱ्या ठिणगीची वीज या रस्त्याने येत नाही. सीडीआयच्या मॅग्नेटो मोटरीत, म्हणजे जिथे ठिणगीची वीज इंजिन स्वतःच फिरून तयार करतं, तिची कॉइल वेगळी असते, बॅटरी काढून ठेवली तरी मोटर दोरीवर चालते. तुमची चालली ती त्यामुळेच. चार्जिंगचं काय झालं, ते त्यातून कळत नाही.

मी स्वतः हे केलं तेव्हा बॅटरीच्या विंगनटच्या (हाताने पिळायच्या नटाच्या) बोल्टला थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची कडी, टेकताच चट्कन निळी ठिणगी उडाली. सगळे स्विच बंद होते, तरी. हात मागे घेतला तेवढ्यात जे व्हायचं ते झालं होतं. कव्हर काढल्यावर रेक्टिफायरच्या काळ्या भरणावर केसाएवढी चीर दिसली आणि जळक्या डांबरासारखा वास आला. मल्टीमीटर लावला, तर एक डायोड दोन्ही दिशांनी बीप देत होता, म्हणजे शॉर्ट झाला होता.

असा डायोड आत असताना मोटर चालवली, तर स्टेटरची वीज त्याच्यातून परत स्वतःच्याच गुंडाळीत फिरते. गुंडाळी तापते, तारेवरचं वॉर्निश जळतं. रेक्टिफायर बदलणं सोपं, दोन-चार बोल्टांचं काम. स्टेटरसाठी फ्लायव्हील उतरवावं लागतं. 'आधी तपासा' म्हणतो ते याचसाठी. डायोड शॉर्ट न होता तुटला असेल, तर मोटर मजेत चालेल, फक्त बॅटरी नीट भरणार नाही. मग एखाद्या दिवशी किनाऱ्यापासून लांब, बोटीतलं पाणी उपसायचा पंप आणि रेडिओ दोन्ही गप्प होतील.

'रंग बघून लावणाऱ्याची चूक होत नाही' हे तुमचं वाक्य मात्र मला पटत नाही. नव्या बॅटरीवर प्लस-मायनसच्या जागा उलट असल्या, की हात सवयीने जुन्या जागी जातो. क्लॅम्पच्या बॅटरीत प्लसचा खांब जाड असतो, त्यामुळे निदान शंका येते. विंगनटच्या बोल्टावर प्लसचं मोठं थिंबल मायनसच्या बारीक बोल्टात आरामात बसतं. मायनसचं थिंबलही मोठ्या भोकाचं असेल, तर अडवणारं काही नाही.

तुम्ही एवढं करा. बॅटरीची मायनस वायर काढा, रेक्टिफायरच्या वायरी सोडवा आणि मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून स्टेटरकडची प्रत्येक वायर आधी लाल वायरशी, मग रेक्टिफायरच्या बॉडीशी, दोन्ही दिशांनी तपासा. एका दिशेने साधारण 0.5 ते 0.7 व्होल्ट यायला हवं, दुसऱ्या दिशेने आकडा नाही, म्हणजे OL. हे ठीक आलं तरच वायरी परत जोडून मोटर सुरू करा आणि बॅटरीवर व्होल्टेज बघा. थांबलेल्या मोटरीवर 12.6 च्या आसपास असेल, तर वेग वाढवल्यावर ते 13.5 च्या वर चढायला हवं. टॅकोमीटर (इंजिनाचा वेग दाखवणारा काटा) असेल तर त्याचा काटा हलतो का तेही पाहा, अनेक मोटरींत तो स्टेटरच्याच वायरीवरून चालतो.

तोवर मोटर बंद ठेवा. आणि सगळी रीडिंग इथे लिहा, चांगली आली तरी.