गाडी दारात आली, हॉस्पिटल मात्र तिथेच राहिलं

गेल्या महिन्यात आमच्या वाडीतला एक पोरगा गेला. चोवीस वर्षांचा. संध्याकाळी बाईकवरून घरी येताना वळणावर डंपरने उडवलं. जागच्या जागी नाही गेला तो, पहिल्या हॉस्पिटलात आईचं नाव घेत होता, पण डोक्याला मार आहे, गोव्यात बांबोळीला हलवा म्हणाले, मग ॲम्ब्युलन्स शोधा, त्यात ऑक्सिजन आहे का बघा, यातच तास गेला आणि गोव्याच्या हद्दीवरचं पत्रादेवी ओलांडता ओलांडता संपला.

बांबोळी म्हणजे काय हे आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना सांगायला नको. मोठं काही झालं की गोव्याचं जीएमसी, म्हणजे तिथलं सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. कणकवलीहून शंभरेक किलोमीटर. आणि गोल्डन अवर, म्हणजे उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते ती वेळ, हा मार लागल्यापासूनचा पहिला एक तास, तसं २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातच लिहिलंय!

पंधरा वर्षांपूर्वी वाडीत मोजून चार बाईक होत्या, आता घरटी एक, सगळ्या हप्त्यावर. त्यात चूक कुणाचीच नाही, एसटी चुकली की कामावर जायचं कसं? गाडी लागतेच.

१९४९ मध्ये स्मीड नावाच्या एका ब्रिटिश माणसाने वीस देशांचे आकडे मांडून दाखवलं होतं की गाड्या वाढतात तसे एकूण मृत्यू वाढतात, पण दर गाडीमागचे मृत्यू कमी होत जातात. मला वाटतं त्याचं एक मोठं कारण हे की जिथे गाड्या घेण्याएवढा पैसा येतो तिथे दवाखाने, ॲम्ब्युलन्स, रक्तपेढ्या पण येतात. आपल्याकडे बँकेने कर्ज दिलं म्हणून गाडी आधी आली, बाकीचं मागे राहिलं. २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं रस्त्यावर गेली, त्यातली ४४ टक्के दुचाकीवरची.

२०२५ मध्ये अपघातग्रस्तांसाठी दीड लाखापर्यंत, सात दिवस कॅशलेस उपचारांची योजना आली, चांगलीच आहे. पण सीटी स्कॅन, न्यूरोसर्जन, व्हेंटिलेटर आणि रक्त हे सगळं एका छताखाली तासाभरात मिळालं नाही तर ते दीड लाख खर्च करायचे कुठे? हायवेला पैसा मिळतो, तसाच हायवेलगतच्या ट्रॉमा सेंटरला मिळाला पाहिजे, आणि नुसती इमारत नको, रात्री दोन वाजता ड्युटीवर सर्जन पाहिजे.

आणि एक, रस्त्यात कुणी पडलेला दिसला तर थांबा, १०८ लावा. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही. त्या दिवशी वळणावर दोन गाड्या न थांबता गेल्या, तिसरा रिक्षावाला होता, त्याने उचललं त्याला.